बारीक चाकांची सायकल

धाकटा: पण हिला स्टँडच नाहीये, ताई.

दुकानदार: नसतोच, साहेब. या जातीच्या सायकलीला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. जे जे काढून टाकता येतं ते सगळं काढून टाकलेलं असतं.

थोरली: घंटी?

दुकानदार: ती मी बसवून देतो. घंटी माझ्याकडून.

धाकटा: मग ही उभी कशी राहते?

दुकानदार: भिंतीला टेकून.

थोरली: म्हणजे माझ्यासारखीच. माझी सगळी नोकरी भिंतीला टेकून झाली.

दुकानदार: कुठे होता नोकरीला, ताई?

थोरली: मोठ्या हॉस्पिटलात. लिफ्ट चालवायचे. बसायला स्टूल होतं, पण त्यावर बसलं की स्ट्रेचर मावायचं नाही, म्हणून भिंत. 'कितवा?' विचारायचं, बटण दाबायचं. गेल्या महिन्यात नवी लिफ्ट आली. ती स्वतःच बोलते, मजला आला की सांगते. आवाज पण गोड आहे मेलीचा. मग मला एक पाकीट दिलं आणि घरी पाठवलं.

दुकानदार: अच्छा. आणि सायकल साहेबांसाठी बघताय.

थोरली: छे! त्याला कशाला? माझ्यासाठी.

दुकानदार: तुमच्यासाठी.

धाकटा: बघा, तुम्हीही चक्रावलात की नाही? मी सकाळपासून असाच चक्रावलोय. अहो, मी हिचा भाऊ. हिला न्यायला आलोय. ती बाहेर गाडी उभी आहे ना, तिच्या मागच्या सीटवर नुसती रिकामी खोकी आहेत. सामान भरायचं, घराला कुलूप लावायचं आणि माझ्या गावी माझ्याकडे राहायला न्यायचं, असं ठरलं होतं.

थोरली: तुझं ठरलं होतं.

धाकटा: तू नाही म्हणाली नव्हतीस.

थोरली: हो तरी कुठे म्हणाले होते, गुंड्या? तू फोनवर बोलत होतास, मी ऐकत होते.

धाकटा: लोकांसमोर गुंड्या नको ना म्हणूस. आणि आज मी दारात पाऊल टाकतोय तर ही म्हणते, आधी जरा सायकल बघून येऊ. मला वाटलं व्यायामाची. घरात ठेवायची, जागची न हलणारी. म्हटलं चला, गुडघ्यांना बरी. माझ्याकडे अकराव्या मजल्यावर बाल्कनीत राहील.

थोरली: अकरावा मजला. ऐकलंत ना? ह्याला मला परत लिफ्टमध्ये घालायचंय.

दुकानदार: मी यात काय बोलणार? माझं काम सायकलीचं. ताई, तुम्हाला चालवता येते ना?

थोरली: मोठी दांड्याची सायकल चालवायचे मी. ह्याला पुढे दांडीवर बसवून शाळेत सोडायचे. उतरला की चालताना लंगडायचा, एवढा वेळ अवघडून बसायचा. पण कुणाला सांगायचा नाही.

धाकटा: चाळीस वर्षं झाली त्याला.

थोरली: चाकं अजून गोलच आहेत.

दुकानदार: बरं, कितीपर्यंत बसवायचंय?

थोरली: ह्या पाकिटात आहेत तेवढ्यात. वर एक छदाम नाही. बघा.

दुकानदार: हं. खोटं सांगणार नाही ताई, एवढ्यात शर्यतीतली मिळायची नाही. पण सुरुवात करायला चांगली मिळेल. मात्र सगळेच्या सगळे सायकलीत घालू नका. हेल्मेट, छोटा पंप, जादा ट्यूब, पुढचा-मागचा दिवा, एवढ्यापुरते बाजूला ठेवा. माणसं ऐटीत सायकल घेऊन जातात आणि पहिल्या काट्याला हातात धरून चालत परत येतात.

धाकटा: मुद्दा असा आहे, की आधी गरज ठरवायला हवी. गरज काय? भाजी आणायची, बँकेत जायचं. त्याला ही मेंढ्याच्या शिंगांसारखी हँडलं कशाला? ती बघ कोपऱ्यात साधी उभी आहे. सरळ हँडल, रुंद सीट, पुढे टोपली.

थोरली: टोपलीत काय घालू? तुला?

धाकटा: ताई, थट्टा नको. अठ्ठावन्न वर्षांची बाई, कमरेतून वाकून, डोकं खाली घालून भर रस्त्यातून... लोक काय म्हणतील?

थोरली: म्हणतील, लिफ्टवाली चालली.

दुकानदार: पण ताई, साहेबांचं अगदीच चूक नाही. साधी सायकल आरामाची. या बारीक चाकांवरून रस्त्याचा खडा न् खडा अंगात येतो. तुम्हाला हीच का हवी?

थोरली: सांगू? हसाल.

दुकानदार: नाही हसत.

थोरली: आमच्या हॉस्पिटलच्या गच्चीवरून कालवा दिसतो. मी डबा खायला गच्चीवर जायचे, तेवढा वेळ लिफ्ट एक वॉर्डबॉय सांभाळायचा. कालव्याच्या कडेनं डांबरी रस्ता जातो ना, त्याच्यावरून सुट्टीच्या दिवशी सायकलवाले जायचे. एकामागे एक, वाकलेले. आवाज नाही, काही नाही. वरून वाटायचं, कुणीतरी सुईतून दोरा ओढतंय, सावकाश. पार पवनचक्क्यांपर्यंत दिसायचे. मग एकेक करून विरघळून जायचे. डबा उघडलेला तसाच राहायचा.

धाकटा: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

थोरली: तू फोनवर विचारायचास, जेवलीस का? मी म्हणायचे, जेवले.

दुकानदार: मग, पुढे?

थोरली: मग एकदा एक बाई आली स्ट्रेचरवर. माझ्याच वयाची, थोडी मोठीच. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, कोपर सोललेलं, केसात गवताच्या काड्या. आणि चेहरा असा, की कुठूनतरी मजा करून येतेय. मला म्हणाली, माझी सायकल कुणी उचलली का हो? हाडाची चौकशी नाही, सायकलीची! तिला चौथ्यावर न्यायचं होतं. चौथा म्हणजे काय, श्वास घेईपर्यंत येतो. पण त्या दिवशी नेमकी वीज गेली आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. मिट्ट काळोख. वॉर्डबॉय पठ्ठ्या देवाचं नाव घ्यायला लागला. आणि ही बाई आपली बोलतेय. म्हणाली, कालव्याच्या दुसऱ्या पुलापुढे गेलं ना, की रस्ता अगदी इतकासा उतरतो. डोळ्यांना कळत नाही, पायांना कळतं. पाय थांबवायचे. मग नुसती चाकांची किरकिर आणि काठच्या लव्हाळ्यांची सळसळ. म्हणाली, तिथे आपण चालवत नसतो. आपल्याला कुणीतरी नेत असतं.

धाकटा: मग काय झालं?

थोरली: काय व्हायचंय? वीज आली, चौथा आला, तिला घेऊन गेले. पण तेव्हापासून मला एक स्वप्न पडतं. लिफ्टचं दार लागतं. मी विचारते, कितवा? कुणी बोलत नाही. आणि लिफ्ट आडवी चालायला लागते. आडवी! वर नाही, खाली नाही. अशी गुळगुळीत, लोण्यातून सुरी जावी तशी. भिंती पातळ पातळ होत जातात, पडद्यासारख्या हलतात. मग दार उघडतं आणि समोर पाणी असतं, लव्हाळी असतात. मी पाय बाहेर टाकायला जाते आणि जाग येते.

दुकानदार: ताई, तुमची उंची किती?

थोरली: बेताचीच. का हो?

दुकानदार: सायकल उंचीवरून ठरते. इकडे या. ही निळी बघा. हिला डिस्क ब्रेक आहेत, पुढचं चाक धरणारा चिमटा कार्बनचा, उचलून बघा, फुलासारखी. पाकिटाच्या थोडी बाहेर जाते, पण बसून तर बघा.

धाकटा: ही ठीक वाटते. वरचे पैसे मी घालतो.

थोरली: तू नाही घालायचेस.

धाकटा: घालणार. घ्यायचीच असेल तर ब्रेकवर काटकसर नको. आत्ताच फोनवर वाचलं मी, ओल्या रस्त्यावर हे ब्रेक जास्त भरवशाचे. माझा अर्धा जन्म विम्याच्या कचेरीत गेलाय. लोक कुठे कुठे आणि कशी कशी पडतात, हे मला विचार.

थोरली: नको विचारायला. धरा हो जरा, बसते मी.

दुकानदार: हात वर ठेवा, या मुठींवर. लगेच खाली वाकायची घाई नको. समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन या.

धाकटा: सावकाश! ताई, डावीकडून! अगं, डावीकडून!

दुकानदार: साहेब, ओरडू नका. दचकतील. त्या बघा, वळल्यासुद्धा. या ताई, या. कशी वाटली?

थोरली: देखणी आहे हो. पण माझी नाही. उंच माणसाचा कोट चढवल्यासारखं वाटलं. हात कुठवर न्यायचे तेच कळेना. मान भरून आली एवढ्यात.

दुकानदार: लांब पडते तुम्हाला. निळीत याहून लहान माप माझ्याकडे नाही. सीट पुढे सरकवून भागवता येतं, पण मग गुडघे बोलायला लागतात.

धाकटा: पण ब्रेक...

थोरली: गुंड्या, ब्रेक मारायला आधी हात पोचायला नको का? ती काय आहे हो, मागे, फडक्याखाली? तिचं एक चाक दिसतंय.

दुकानदार: ती? ती गेल्या वर्षीची. राहून गेली. रंगामुळे. आता हा मोहरीसारखा पिवळा रंग कोण घेतो? सगळ्यांना काळी हवी. चेनच्या दातेरी चकत्या पुढे दोन, मागे आठ, म्हणजे सोळा गिअर. ब्रेक साधे, रिमवर दाबणारे. फ्रेम अॅल्युमिनियमची, पण चिमटा पोलादी, त्यामुळे जराशी जड. टायर मात्र निळीपेक्षा रुंद बसतात, खड्डे कमी लागतील. आणि माप सगळ्यात लहान.

धाकटा: गेल्या वर्षीची, जड आणि कुणी न घेतलेली. वा.

थोरली: काढा बाहेर.

दुकानदार: थांबा, धूळ पुसतो. हवा भरतो. हं, बसा आता. पायडलवर टाच ठेवा. टाच ठेवल्यावर पाय सरळ व्हायला हवा. अजून थोडी खाली घेतो सीट. आता?

थोरली: आता बरोबर. अगदी बरोबर. ही कशी हो, मला विचारून केल्यासारखी?

धाकटा: कोपऱ्यापर्यंतच, ताई. कोपऱ्यापर्यंत.

(थोरली पिवळ्या सायकलवरून निघते. दुकानदार आणि धाकटा पायरीवर उभे.)

धाकटा: कोपरा आला.

दुकानदार: आला.

धाकटा: कोपरा गेला!

दुकानदार: वळायला जागा लागते, साहेब. औषधांच्या दुकानापाशी वळतील.

धाकटा: तेही मागे पडलं. दिसत नाहीये ती. फोन? फोन इथेच पिशवीत ठेवून गेलीय. ही बाई अशीच. आयुष्यभर हॉस्पिटलच्या सात मजल्यांच्या बाहेर पाऊल टाकलं नाही आणि आज...

दुकानदार: पिशवी इथे आहे म्हणजे येणार.

धाकटा: मला ती येणार की नाही याची काळजी नाहीये. म्हणजे आहे. समजा चौकात टेम्पो आला. समजा चक्कर आली. तुम्ही म्हणाल, समजायचं कशाला? पण आमच्याकडे पगारच समजण्याचा मिळतो.

दुकानदार: चहा सांगू?

धाकटा: नको. सांगा.

दुकानदार: ए, दोन चहा दे रे इकडे! बसा, साहेब. घरी कोण कोण असतं तुमच्या?

धाकटा: मी.

दुकानदार: आणि?

धाकटा: आणि असं कुणी... चार खोल्यांचं घर आहे. मुलगी शिकायला लांब असते. बायको दीड वर्ष झालं, वेगळी राहते. भांडण नाही, तंटा नाही. एक दिवस म्हणाली, या घरात मला माझाच आवाज परत ऐकू येतो. आणि गेली. सणवार असल्यासारखी साडी नेसून, नीट, कपाटं आवरून.

दुकानदार: म्हणून ताईंना नेताय.

धाकटा: म्हणून नाही! तिच्यासाठी नेतोय. एकटी राहते. उद्या पडली, झडली, कुणाला कळणार? मी पूर्वेच्या खोलीला रंग दिलाय तिच्यासाठी. पडदे शिवून घेतले. पलंगाशेजारी दिवा ठेवलाय, वाचायला. संध्याकाळी कचेरीतून आलो की जरा वेळ त्या खोलीत जाऊन बसतो. बरं वाटतं.

दुकानदार: रिकाम्या खोलीत?

धाकटा: रिकामी कशी? तिची आहे ना.

दुकानदार: खरंय. कुठला रंग दिलात?

धाकटा: फिकट हिरवा.

दुकानदार: त्यांना विचारून?

धाकटा: तुमचा चहा येणार आहे की नाही?

दुकानदार: हा आला, घ्या. रागावू नका. मला सवयच आहे, गिऱ्हाईक थांबलं की विचारत बसायची.

धाकटा: तुम्ही जाता का हो त्या कालव्यावर? एवढ्या सायकली आहेत.

दुकानदार: मी? सासऱ्यांचं दुकान हे. सुट्टीच्या दिवशीच गर्दी असते. मी पहिल्या पुलापुढे कधी गेलो नाही. लोक येतात, सांगतात, आज धुकं होतं, आज बगळे होते, आज वाऱ्यानं पाठीवर हात ठेवल्यासारखं ढकललं. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत ऐकतो. पण आज ताई म्हणाल्या ना, इतकासा उतरतो म्हणून? ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत.

धाकटा: बस्स झालं. मी गाडी काढतो. शोधायलाच हवं.

दुकानदार: थांबा, थांबा. गाडी नका काढू. ती बघा, पिवळी.

धाकटा: पायी येतेय! हातात धरून येतेय! पडली वाटतं. ताई! लागलं का? हात कसले काळे झालेत?

थोरली: अरे, हळू. चेन निघाली होती. मीच गिअर उलटसुलट दाबले. बसवली मग. किती मऊ असते रे ही चेन, जपमाळेसारखी बोटांत येते. परत बसून आले तिथून, इथे कोपऱ्यावर उतरले, तुझा चेहरा लांबून दिसला म्हणून.

धाकटा: कुठे गेली होतीस?

थोरली: तेच तर! चौकात एक दूधवाला उभा होता, तो बाजूला झाला आणि म्हणाला, मावशी, कुठे निघालात? मी म्हटलं, असंच. आणि मग माझं मलाच हसू यायला लागलं. सगळी नोकरी मी लोकांना विचारत आले, कितवा, कितवा. सगळ्यांचं ठरलेलं असायचं. आज मला कुणीतरी विचारलं आणि माझं काहीच ठरलेलं नव्हतं. इतकं बरं वाटलं, गुंड्या! शाळेमागच्या रस्त्यानं गेले. तिथे झाडं दोन्हीकडून वर मिळालीत, बघितलंस कधी? ऊन खाली नाण्यांसारखं पडलं होतं. मी त्याच्यावरून जात होते आणि ती नाणी माझ्या हातांवरून, मांडीवरून सरकत होती. आवाज नाही. खरंच आवाज नाही रे. मी झोपेत आहे की काय असं वाटलं, म्हणून एकदा घंटीसाठी हात नेला, तर घंटीच नाही.

दुकानदार: बसवतो, बसवतो. आत्ता बसवतो. आणि चेन पण बघतो, जरा सैल असेल. मी आत आहे.

धाकटा: बस इथे. चहा घे माझा.

थोरली: तू घे. घाबरला होतास.

धाकटा: नाही घाबरलो.

थोरली: बरं.

धाकटा: ताई, खोकी रिकामीच न्यायची का मी?

थोरली: हो.

धाकटा: एवढं सरळ?

थोरली: मग कसं सांगू? फोनवर सांगता येईना. तू त्या खोलीबद्दल बोलायला लागलास की तुझा आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा व्हायचा. नाही म्हणायला जीभ उचलायची नाही. म्हणून म्हटलं, येऊ दे इथे, समोर बसून सांगू.

धाकटा: मी तुझ्याच भल्यासाठी...

थोरली: माहीत आहे. आणि तू एकटा आहेस, हेही माहीत आहे. ते तू एकदाही म्हणाला नाहीस, तरी.

धाकटा: मी कुठे म्हणतोय?

थोरली: तेच म्हणते मी. दांडीवर बसून पाय झोपला तरी बोलायचा नाहीस. हे बघ, मी आले असते तुझ्याकडे. तू सकाळी कचेरीत गेला असतास, मी अकराव्या मजल्यावर खिडकीत बसले असते. संध्याकाळी तू आला असतास, म्हणाला असतास, जेवलीस का? मी म्हटलं असतं, जेवले. एकाच घरात दोन एकटी माणसं झाली असती. एवढंच.

धाकटा: ...तसंच झालं असतं असं नाही.

थोरली: नसतंही झालं. पण मला ते करून बघायचं नाहीये. मला हे करून बघायचंय.

धाकटा: मग मी काय करू?

थोरली: मी येणार आहे ना तुझ्याकडे.

धाकटा: आत्ता तर म्हणालीस...

थोरली: सामान होऊन नाही येणार. पाहुणी होऊन येईन. हा कालवा कुठे जातो?

धाकटा: कुठे म्हणजे? आमच्याकडेच येतो. आमच्या वसाहतीच्या मागून जातो. पण ते अंतर... ताई, गाडीनं मला दीड तास लागतो!

थोरली: मला दोन दिवस लागतील. मध्ये कुठेतरी मुक्काम करीन. आज नाही, उद्या नाही. आधी जवळ जवळ फिरेन. मग थोडं लांब. पाय तयार होतील, गिअर कळतील. थंडी पडेपर्यंत जमेल. मग महिन्यातून एकदा येईन, दोन दिवस राहीन, तुझं कपाट बघून नाक मुरडीन आणि परत निघेन.

धाकटा: आणि वाटेत दमलीस तर?

थोरली: तर फोन करीन. गाडी घेऊन ये. सायकल मागे टाकू, मी पुढे बसेन. वाटेत तू मला सांग, लोक कुठे कुठे आणि कशी कशी पडतात.

धाकटा: फोन सोबत ठेवशील तरच ना.

थोरली: ठेवीन. आजचा गुन्हा कबूल.

धाकटा: ताई, खोलीला रंग दिलाय मी.

थोरली: सांगितलंस तू. कुठला दिलास?

धाकटा: फिकट हिरवा.

थोरली: फिकट हिरवा?

धाकटा: काय झालं? आवडला नाही?

थोरली: अरे, आमचं अख्खं हॉस्पिटल फिकट हिरवं आहे.

धाकटा: अरे देवा.

थोरली: हसतोस काय! तू हसलास, गुंड्या. कितीतरी दिवसांनी.

धाकटा: बदलतो. उद्याच बदलतो. कुठला हवा?

थोरली: राहू दे. दोन दिवसांपुरता चालेल मला. तू मात्र त्या खोलीत नुसता बसू नकोस. दिवा लाव, वाच काहीतरी. नाहीतर पोरीला फोन लाव. बायकोलाही लाव एखादा. ये म्हणू नकोस. नुसतं विचार, काय चाललंय.

धाकटा: ती म्हणेल, काही नाही.

थोरली: मग तूही म्हण, माझंही काही नाही. तेवढं पुरतं कधी कधी.

दुकानदार: झालं हो ताई! घंटी बसली. चेन ठीक केली. दोन दिवे लावलेत, पंप या दांडीला अडकवलाय. हेल्मेट घालून बघा. हे राखाडी. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल.

थोरली: कशी दिसते?

धाकटा: भोपळ्यासारखी.

दुकानदार: नाही हो, शोभतंय चांगलं.

थोरली: दोघंही खोटं बोलू नका. झालं का पाकिटात सगळं?

दुकानदार: बसलं अगदी. पहिल्या महिन्यानंतर एकदा आणा, ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा ताणून देतो, नवीन सायकलीच्या सैल होतात. त्याचे पैसे नाहीत. आणि ताई...

थोरली: बोला.

दुकानदार: त्या पुलाच्या पुढे गेलात ना, की मला येऊन सांगा. खरंच उतरतो का ते.

थोरली: तुम्हीच का नाही येत?

दुकानदार: दुकान कोण बघणार?

थोरली: मंगळवारी कोण येतं हो सायकल घ्यायला?

दुकानदार: मंगळवारी? मंगळवारी तसं कुणी... बघू. बघतो मी.

धाकटा: ताई, मी गाडीनं मागून येतो तुझ्या. हळूहळू. दिवे लावून.

थोरली: मागून नको. कुणी मागे असलं की माझं लक्ष मागेच राहतं. तू पुढे जा. घराची किल्ली ही घे.

धाकटा: गाडीनं आलो तेव्हा फार लांब वाटलं नाही. पण सायकलवर किती वेळ लागेल तुला?

थोरली: कोण जाणे रे. पहिल्यांदाच जातेय.